विद्यार्थ्यांचा गणवेश : एक ऐतिहासिक विचार



वसंत सरत आला की गावोगावच्या पालकांना दोन खर्च आठवू लागतात. एक वह्यापुस्तकांचा आणि दुसरा गणवेशाचा. पहिल्या खर्चाविषयी कोणी वाद घालीत नाही, कारण पुस्तकावाचून विद्या नाही हे सर्वांना मान्य आहे. दुसऱ्याविषयी मात्र घरोघर कुरकुर चालते. कोणी म्हणतो, गणवेशामुळे श्रीमंताचे आणि गरिबाचे मूल एका रांगेत एकसारखे दिसते, तेव्हा तो असलाच पाहिजे. कोणी म्हणतो, मुले म्हणजे काही पलटणीतील शिपाई नव्हेत. त्यांना एका साच्यात का कोंबावे? दोन्ही बाजूंचे लोक आपापले मत स्वयंसिद्ध मानतात. परंतु इतिहासाकडे वळून पाहिले तर असे दिसते की, विद्यार्थ्याचा वेश हा समतेसाठी निर्माण झाला हेही सर्वस्वी खरे नाही, आणि तो केवळ दडपशाहीचे साधन आहे हेही खरे नाही. तो कोणी ठरविला, कोणासाठी ठरविला आणि त्याचे पैसे कोणी भरले, यांवर त्याचा अर्थ वेळोवेळी पालटत गेला आहे. आजच्या व्याख्यानात हाच पालट थोडक्यात आपल्यापुढे मांडण्याचा विचार आहे.

आरंभ आपल्याच घरापासून करू. विद्यार्थ्याने विशिष्ट वेश करावा ही कल्पना आपल्याकडे इंग्रजांनी आणली असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः ब्रह्मचाऱ्याच्या वेशाचे नियम गृह्यसूत्रांत आणि मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात फार बारकाईने दिलेले आहेत. पण ते नियम काय सांगतात? ब्राह्मण बटूने काळविटाचे कातडे पांघरावे, क्षत्रियाने रुरू नावाच्या मृगाचे, वैश्याने बोकडाचे. एकाची मेखला मुंज गवताची, दुसऱ्याची धनुष्याच्या दोरीसारखी मूर्वेची, तिसऱ्याची तागाची. एवढेच नव्हे, तर हातातल्या दंडाची उंचीही वेगळी. ब्राह्मणाचा दंड केसांपर्यंत पोचावा, क्षत्रियाचा कपाळापर्यंत आणि वैश्याचा नाकापर्यंत. म्हणजे बटू दुरून येताना दिसला की त्याचा वर्ण ओळखता यावा अशी ही योजना होती. आणि जे गुरुगृही येऊच शकत नव्हते, त्या शूद्रांचा आणि स्त्रियांचा तर तेथे वेश ठरविण्याचा प्रश्नच नव्हता. हा वेश होता खरा, परंतु तो भेद मिटविण्यासाठी नसून भेद दाखविण्यासाठी होता.

त्याच भूमीत याच्या अगदी उलट असा दुसरा प्रयोग झाला, तो बौद्ध संघाचा. भिक्षूचे चीवर सर्वांना एकच. ते कापडाचे तुकडे जोडून शिवायचे, म्हणजे त्याला बाजारात किंमत उरत नाही आणि चोराला त्याचा मोह पडत नाही. मगधातील भातखाचरे आणि त्यांचे बांध पाहून बुद्धाने आनंदाला तसे चीवर शिवावयास सांगितले, अशी कथा विनयपिटकात आहे. त्याच ग्रंथात उपालीची हकीकत येते. शाक्य राजपुत्र संघात प्रवेश घ्यावयास निघाले, तेव्हा त्यांच्याबरोबर त्यांचा न्हावी उपाली होता. राजपुत्रांनीच विनंती केली की, प्रथम उपालीला दीक्षा द्यावी, म्हणजे तो आम्हांला ज्येष्ठ होईल, आम्ही त्याला वंदन करू आणि आमचा कुळाचा अभिमान गळून पडेल. या कथेतील मर्म ध्यानात घेण्याजोगे आहे. चीवर एकसारखे होते एवढ्याने समता आली नाही. ज्यांच्या अंगावर उंची वस्त्रे होती त्यांनी ती उतरवली, आणि न्हाव्यापुढे मस्तक नमविण्याची तयारी दाखविली, तेव्हा त्या चीवराला अर्थ आला. गणवेशाच्या प्रश्नाची ही दोन टोके आपण मनात ठेवू या : एकीकडे बटूचा दंड आणि दुसरीकडे भिक्षूचे चीवर.

आता आधुनिक शालेय गणवेशाच्या उगमाकडे वळू. तो उगम इंग्लंडमध्ये, लंडनच्या ख्राइस्ट्स हॉस्पिटल या संस्थेत सापडतो. नावात हॉस्पिटल असले तरी तो दवाखाना नव्हे. अनाथ व निराधार मुलांचे ते आश्रयस्थान व शाळा. सहावा एडवर्ड गादीवर असताना, १५५२ साली, ग्रे फ्रायर्स मठाच्या जुन्या इमारतीत ती सुरू झाली. तेथील मुलांना लांब निळा अंगरखा, कमरेला पट्टा आणि पिवळे पायमोजे असा वेश मिळाला. निळा रंग का? कारण तो रंग स्वस्त होता आणि नोकरचाकर व उमेदवार कारागीर यांच्या अंगावर तोच असे. या शाळेच्या धर्तीवर पुढे इंग्लंडभर ज्या धर्मादाय शाळा निघाल्या, त्यांना लोक ‘निळ्या अंगरख्याच्या शाळा’ म्हणू लागले. अठराव्या शतकात अशा शाळांचे पेवच फुटले. वर्षातून एकदा लंडनमधील धर्मादाय शाळांची हजारो मुले आपापल्या वेशात सेंट पॉल मंदिरात नेऊन बसवीत आणि वर्गणीदार शेठसावकार आपल्या दानाचे फळ डोळे भरून पाहत.

यातला हेतू उघड आहे. रस्त्याने चाललेले मूल कोणाच्या दानावर जगते हे सर्वांना दिसावे, त्याने ते विसरू नये आणि आपल्या पायरीने राहावे. असे असूनही ही शिक्षणाची सोय काहींना डोईजड वाटत होती. बर्नार्ड मँडेव्हिल याने १७२३ साली या शाळांविरुद्ध एक प्रसिद्ध निबंध लिहिला. गरिबांची मुले शिकली तर कष्टाची कामे कोण करणार, असा त्याचा रोकडा सवाल होता. तेव्हा आज ज्या गणवेशाला आपण समतेचे चिन्ह म्हणतो, तो जन्माला आला तेव्हा दारिद्र्याचा बिल्ला होता, हे विसरून चालणार नाही. मात्र काळाचा महिमा असा की, त्याच ख्राइस्ट्स हॉस्पिटलमधून कोलरिजसारखा कवी आणि चार्ल्स लॅमसारखा निबंधकार बाहेर पडला आणि तो निळा अंगरखा हळूहळू अभिमानाचा विषय झाला. ती शाळा १९०२ साली लंडन सोडून हॉर्शम येथे गेली. तिथली मुले आजही तोच वेश करतात.

एकोणिसाव्या शतकात या गोष्टीला दुसरे वळण लागले. इंग्लंडातील बड्या लोकांच्या शाळांत पूर्वी मुले आपापल्या घरचे कपडे घालीत. पुढे तेथे सांघिक खेळांचे वेड वाढले, आणि संघ ओळखू यावेत म्हणून टोप्या, पट्टे व रंगीत डगले आले. आज आपल्याकडील इंग्रजी शाळांतील मुलेसुद्धा ज्याला ‘ब्लेझर’ म्हणतात, ते नाव केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजातील नौकाक्लबाच्या भडक लाल डगल्यावरून पडले असे सांगतात. गळ्यातील टायचा रंग पाहून मनुष्य कोणत्या शाळेचा हे ओळखावे, आणि मग नोकरीत व राजकारणात त्याला हात द्यावा, अशी रीत पडली. म्हणजे एकाच देशात, एकाच काळी, गरीब मुलाचा गणवेश त्याला खाली ठेवीत होता आणि श्रीमंत मुलाचा गणवेश त्याला वर चढवीत होता. मध्यम वर्गाच्या शाळांनी अर्थातच दुसऱ्याचे अनुकरण केले. तो नमुना साम्राज्याबरोबर जगभर गेला.

साम्राज्याबाहेरचे उदाहरण पाहावयाचे तर जपानचे पाहावे. सरदारपुत्रांसाठी काढलेल्या गाकुशूइन या शाळेने १८७९ साली आरमारी अधिकाऱ्याच्या पोशाखाच्या धर्तीवर बंद गळ्याचा कोट सुरू केला. १८८६ साली टोकियोच्या विद्यापीठाने सोनेरी गुंड्यांचा काळा कोट स्वीकारला. पुढे १९२० च्या सुमारास क्योटो, फुकुओका वगैरे ठिकाणच्या मुलींच्या मिशनरी शाळांत खलाशांच्या झग्यासारखा वेश आला. त्या काळी तो सुधारणेचा वेश होता, कारण किमोनो घालून मुलींना धावता येत नसे आणि या कपड्यांत त्या खेळू लागल्या. परंतु ज्या वेशाचा साचा लष्करातून घेतला, तो लष्कराकडे परत जावयास वेळ लागला नाही. २१ ऑक्टोबर १९४३ रोजी टोकियोच्या मेइजी मंदिराजवळील मैदानात भर पावसात हजारो विद्यार्थ्यांनी संचलन केले. अंगात विद्यार्थ्याचाच गणवेश, खांद्यावर मात्र बंदूक. तेथून त्यांना रणांगणावर धाडण्यात आले. गणवेशाला विरोध करणारे लोक शिस्तीच्या नावाने बिचकतात ते निष्कारण नव्हे, हे या दृश्यावरून पटेल.

याची दुसरी बाजू कोरियात दिसते. दक्षिण कोरियाने १९८३ साली शाळांवरील गणवेशाची सक्ती उठविली. लोकांनी स्वागत केले. पण थोड्याच दिवसांत मुलांमध्ये भारी कपड्यांची चुरस लागली, पालक मेटाकुटीस आले आणि १९८६ पासून शाळांना गणवेश पुन्हा आणण्याची मुभा मिळाली. सक्ती गेली की स्वातंत्र्य येते असे समीकरण मांडणाऱ्यांनी हा अनुभवही जमेस धरला पाहिजे. सक्ती शाळेची नसली तर ती बाजाराची असू शकते.

आता महाराष्ट्राकडे येऊ. आपल्याकडील जुन्या शाळांत मुले पागोटी, टोप्या, रुमाल घालून येत आणि डोक्यावरच्या बांधणीवरून जात, धंदा आणि पुष्कळदा गावसुद्धा कळे. तेव्हा वेशाचा प्रश्न हा आपल्याकडे नुसत्या श्रीमंती-गरिबीचा कधीच नव्हता. तो जातीचा होता. याचा सर्वांत जळजळीत दाखला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवला आहे. साताऱ्याच्या शाळेत त्यांना इतर मुलांबरोबर बसता येत नसे. घरून गोणपाटाचा तुकडा न्यावा, कोपऱ्यात पसरून त्यावर बसावे आणि संध्याकाळी तो परत घरी आणावा, कारण शाळा झाडणारा गडीही त्याला शिवत नसे. परीट त्यांचे कपडे धुवावयास तयार नव्हता, तेव्हा कपडे घरीच धुवावे लागत. न्हावी केस कापीत नसे, ते काम थोरली बहीण करी. पैसे नव्हते म्हणून हे घडले असे नाही. परटाचे पैसे देण्याची घरची ऐपत होती, असे बाबासाहेब स्पष्ट लिहितात. आता कल्पना करा की त्या शाळेत गणवेश असता. तर काय झाले असते? सदरा सारखा दिसला असता. गोणपाट मात्र तसेच राहिले असते.

म्हणून गणवेशाच्या कैवाऱ्यांना एक गोष्ट नम्रपणे सांगितली पाहिजे. महाराष्ट्रात शाळेच्या दारी समता आली, ती कापडाने आणली नाही. छत्रपती शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले आणि १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून ती मुले सर्वांच्या शाळांत घ्यावीत असा हुकूम काढला. त्याच १९१९ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था स्थापली आणि पुढे साताऱ्याच्या वसतिगृहात नाना जातींची मुले एका पंगतीला बसविली. एका वर्गात बसणे, एका पंगतीत जेवणे, एका माठातले पाणी पिणे ही मुळे होत. गणवेश हे फार तर पान आहे. पण मुळे जिवंत असली तर पानालाही शोभा असते, आणि स्वातंत्र्यानंतर पांढरा सदरा, खाकी विजार घातलेल्या मुलांच्या आणि निळ्या-पांढऱ्या वेशातल्या मुलींच्या ज्या रांगा खेड्यापाड्यांतून शाळेकडे जाऊ लागल्या, त्यांना ती शोभा निःसंशय होती. ज्या घरात कोणी पूर्वी शाळेची पायरी चढले नव्हते, त्या घरच्या आईला दोरीवर वाळत असलेला तो सदरा पाहून काय वाटत असेल, याचा विचार गणवेशाला हसणाऱ्यांनी करावा.

गणवेशाने खरोखर काय साधते, याची परीक्षा अलीकडे शास्त्रीय रीतीनेही झाली आहे. अमेरिकेत सरकारी शाळांत गणवेशाची चाल फारशी नव्हती. तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९६९ साली डे मॉइन गावच्या खटल्यात विद्यार्थ्यांच्या मतस्वातंत्र्याची बाजू उचलून धरली. व्हिएतनाम युद्धाच्या निषेधार्थ काही मुलांनी दंडावर काळी फीत बांधली, म्हणून शाळेने त्यांना घरी धाडले होते. शाळेच्या फाटकात शिरताना विद्यार्थी आपले नागरिकत्वाचे हक्क बाहेर ठेवून येत नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. पुढे शहरांतील टोळ्यांच्या मारामाऱ्या शाळांत शिरल्या. टोळीची ओळख कपड्यांच्या रंगांवरून होई. तेव्हा कॅलिफोर्नियातील लाँग बीच शहराने १९९४ साली आठवीपर्यंत गणवेश सक्तीचा केला, आणि १९९६ साली अध्यक्ष क्लिंटन यांनी तेथील संसदेपुढच्या भाषणात या कल्पनेची भलामण केली. गुन्हे घटल्याचा गवगवा झाला. परंतु ब्रन्स्मा आणि रॉकमोर या दोन अभ्यासकांनी १९९८ साली देशभरातील विद्यार्थ्यांची माहिती तपासली, तेव्हा हजेरी, वर्तन वा व्यसन यांवर गणवेशाचा थेट परिणाम त्यांना आढळला नाही.

याउलट केनियातील अनुभव. तेथे गरीब मुलांना गणवेश फुकट वाटून पाहिला. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या वृत्तान्तानुसार गैरहजेरी सरासरी ३७ टक्क्यांनी घटली, आणि ज्यांच्याजवळ मुळीच गणवेश नव्हता अशा मुलांत ५५ टक्क्यांनी. मात्र आठ वर्षांनी त्याच मुलांचा माग काढला, तेव्हा ती अधिक इयत्ता शिकली असे दिसले नाही. या दोन्ही अभ्यासांचा मेळ घातला तर निष्कर्ष सरळ आहे. गणवेशाने मुले शहाणी होत नाहीत. पण गणवेश सक्तीचा असेल आणि घरात तो नसेल, तर मूल शाळा चुकवते. म्हणजे सक्ती ही कोणाला तरी दारातच अडविते. आधी अडसर घालावयाचा आणि मग तो काढल्याचे पुण्य पदरी घ्यावयाचे, असा हा प्रकार होऊ नये.

खर्चाचा प्रश्न गरीब देशांपुरता नाही. टोकियोच्या गिंझा भागातील एका सरकारी प्राथमिक शाळेने २०१८ साली अर्मानी या इटालियन पेढीने आखलेला गणवेश ठरविला. सगळा संच सुमारे ऐंशी हजार येनांचा. त्यावर जपानभर टीका झाली. इंग्लंडला तर २०२१ साली गणवेशाच्या किमतीविषयी स्वतंत्र कायदा करावा लागला. शाळेचे बोधचिन्ह असलेले कपडे एकाच दुकानातून घ्या, अशा सक्तीने तेथील पालक गांजले होते. ही तक्रार आपल्यालाही ओळखीची वाटेल.

आपल्याकडे कायद्याने या बाबतीत वाट बरी आखली आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याखाली केंद्राने जे आदर्श नियम केले, त्यांत सरकारी शाळेतील मुलाला पुस्तकांप्रमाणेच गणवेशही मोफत मिळावा असे म्हटले. समग्र शिक्षा योजनेत त्यासाठी दर मुलामागे दोन संचांना वर्षाला सहाशे रुपये अशी मर्यादा ठरली. त्या रकमेत कसले कापड आणि कसली शिलाई होते, हे सभेतल्या गृहिणींना सांगावयास नकोच. आपल्या राज्यात कापड आणि शिलाई पूर्वी शाळेची व्यवस्थापन समिती पाहत असे. पुढे ‘एक राज्य, एक गणवेश’ असे धोरण ठरून २०२४-२५ साली सर्व राज्याचा गणवेश एकत्र पुरवावयाचे ठरले. एकसारखेपणाची हौस भागली, पण अनेक शाळांत स्वातंत्र्यदिन उलटून गेला तरी कपडे पोचले नव्हते, आणि पोचले ते पुष्कळांच्या अंगाला बसत नव्हते. डिसेंबर २०२४ मध्ये शासनाने तो अधिकार पुन्हा शाळा समित्यांकडे सोपविला. गावच्या मुलाचे माप गावच्या शिंप्याला ठाऊक असते, ही साधी गोष्ट लक्षावधी मुलांना निम्मे वर्ष जुन्या कपड्यांत घालवून शिकावी लागली.

याहून अवघड प्रश्न श्रद्धेचा आणि लज्जेचा आहे. कर्नाटक सरकारने फेब्रुवारी २०२२ मध्ये गणवेशासंबंधी आदेश काढला, आणि डोक्यावर हिजाब घेणाऱ्या मुलींना महाविद्यालयात प्रवेश नाकारला गेला. १५ मार्चला तेथील उच्च न्यायालयाने आदेश उचलून धरला. १३ ऑक्टोबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयातील दोन न्यायमूर्तींचे मत दुभंगले. एकाने गणवेशाच्या समान नियमाला महत्त्व दिले. दुसऱ्याने विचारले की, शिक्षण नाकारून त्या मुलीचे जीवन आपण अधिक चांगले करीत आहोत काय? प्रकरण मोठ्या पीठाकडे जावे म्हणून सरन्यायाधीशांपुढे ठेवण्यात आले. या प्रश्नावर सभेत दोन मते असणारच, आणि ती असावीत. शाळेत धर्माची चिन्हे नकोत म्हणणारा मनुष्य दुष्ट नव्हे, आणि माझ्या मुलीचा पदर तसाच राहू द्या म्हणणारी आईही देशद्रोही नव्हे. दोघांनाही एकच विचारावे : वाद मिटेपर्यंत त्या मुलीने बसावे कोठे? जो पक्ष उत्तर देईल की ‘वर्गात’, त्याची बाजू मला अधिक मानवते. कारण गणवेश शाळेसाठी आहे. शाळा गणवेशासाठी नाही.

केरळातील एक लहानसा प्रयोगही येथे सांगण्यासारखा आहे. एर्नाकुलम जिल्ह्यातील वलयनचिरंगरा येथील प्राथमिक शाळेने २०१८ साली मुलामुलींना सारखीच विजार आणि सारखाच सदरा ठरविला. मुलींना धावता-उड्या मारता याव्यात एवढा साधा हेतू. शंभर वर्षांपूर्वी जपानी मुलींना जे कारण लागू पडले, तेच हे कारण. ही गोष्ट शिक्षक आणि पालक यांनी एकत्र बसून ठरविली, म्हणून ती रुजली. असाच वेश पुढे इतरत्र आला तेव्हा काही ठिकाणी विरोधही झाला.

तेव्हा विद्यार्थ्यांना गणवेशाची सक्ती असावी की नसावी? इतिहासाचा कौल माझ्या मते असा आहे. गणवेश असावा; परंतु तो साधा असावा, कोणत्याही दुकानात मिळावा आणि सक्ती करणाऱ्याने त्याचा खर्च, निदान गरिबासाठी, उचलावा. तो शाळेच्या पालकांनी व शिक्षकांनी ठरवावा. तो अंगाला सुखाचा असावा आणि त्यात मुलीलाही मोकळेपणी पळता यावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, गणवेश नाही, फाटला आहे, मळला आहे किंवा त्यावर आणखी एखादे वस्त्र आहे, एवढ्यासाठी कोणत्याही मुलाला दाराबाहेर उभे करू नये. मुलाला मानसिक त्रास देण्यास २००९ च्या कायद्याने बंदी आहे. चारचौघांत उभे करून फाटक्या सदऱ्याबद्दल बोलणे हा त्रास नव्हे असे कोण म्हणेल?

या कसोट्या पाळल्या नाहीत तर आपल्या मुलाच्या अंगावर नकळत बटूचा वेश चढतो आणि हातातल्या दंडाची उंची लोक मोजू लागतात. पाळल्या, तर तुकडे जोडलेल्या चीवराची काही थोडी योग्यता तरी त्या दोनशे-तीनशे रुपयांच्या कापडाला येईल. जून आता दूर नाही. आपापल्या शाळेच्या समितीची सभा केव्हा आहे ते विचारा, आणि तेथे जाऊन बसा. गणवेशाचा रंग कोणता असावा याची चर्चा तेथे होईलच. तो कोणत्या मुलाला अजून मिळालेला नाही, हे मात्र आपण विचारल्यावाचून कोणी सांगणार नाही.